घरच्या घरी रोलरने जुनी गाडी रंगवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी आहेत. सगळी मापं मारुती ८०० एवढ्या गाडीची धरली आहेत. ओम्नी असेल तर सामान साधारण दीडपट घ्या, अँबॅसिडर असेल तर पावणेदोनपट. एका उत्तरात जे आलं आहे ते दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोलरने खरंच गाडी रंगवता येते का? भिंत रंगवल्यासारखी नाही का दिसत?

येते. भिंतीसारखी दिसते तेव्हा कारणं दोनच असतात: रंग घट्ट मारलेला असतो, आणि रंगाच्या दोन हातांच्या (थरांच्या) मध्ये घासलेलं नसतं. रोलर कितीही चांगला असला तरी रंगावर बारीक रवा उठतोच. तो पाण्याच्या पेपरने (पाणी लावून घासायच्या सँडपेपरने) घासून सपाट करायचा आणि शेवटी कंपाउंडने चमक आणायची. म्हणजे रोलरचं काम फक्त पत्र्यावर रंग चढवण्याचं. फिनिश येतं ते घासण्याने. ज्याला घासायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये, कारण एकूण वेळेतला तीन चतुर्थांश वेळ हातात पेपरच असतो.

नीट झालेलं काम पाच-सहा फुटांवरून ओळखू येत नाही. बॉनेटवर वाकून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघणाऱ्याला मात्र कळतं.

२. कुठल्या गाडीला हे करावं आणि कुठल्या गाडीला करू नये?

मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, अँबॅसिडर, जुनी जीप, शेतावर फिरणारी पिकअप यांना चालतं. ज्या गाडीची किंमतच चाळीस-पन्नास हजार आहे, तिच्या स्प्रे पेंटिंगवर तीस हजार घालणं परवडत नाही. अशा गाडीसाठी ही पद्धत आहे.

मेटॅलिक रंग तसाच ठेवायचा असेल तर करू नका (प्र. १५). पुढे दोन-तीन वर्षांत गॅरेजमध्ये स्प्रे करून घ्यायचा विचार असेल तरीही करू नका. आपण मारतो तो सिंथेटिक इनॅमल, म्हणजे टर्पेंटाइनने पातळ होणारा तेलरंग. त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज, झटपट सुकणारा) किंवा पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा) रंगाचा स्प्रे बसला की तिखट थिनरने खालचा रंग उचलतो आणि सुरकुततो. मग पेंटर आधी तुमचं सगळं काम पत्र्यापर्यंत खरवडून काढतो आणि त्याची मजुरीही लावतो. हा निर्णय मागे फिरवायला महाग आहे, म्हणून डबा उघडण्याआधी याचा विचार करा.

३. सामान काय लागतं आणि एकूण खर्च किती येतो?

मारुती ८०० चा बाहेरून रंगवायचा पत्रा, काचा वगळून, अंदाजे ९ चौरस मीटर भरतो. एका हाताला पातळ केलेला रंग ४०० ते ५०० मिली जातो. सहा हात धरले तर लागतं ते असं:

- सिंथेटिक इनॅमल, ग्लॉस: ३ लिटर (थोडा उरेल, तो ठेवायचाच आहे)
- मिनरल टर्पेंटाइन: २ लिटर (पातळ करायला, पुसायला आणि हात धुवायला)
- मेटल प्रायमर: १ लिटर
- पॉलिस्टर पुट्टी म्हणजे लांबी, हार्डनरसकट: १ किलो
- ४ इंची स्पंज रोलर: ८ ते १०, आणि दोन दांड्या
- वॉटर पेपर (आकडा मोठा तितका पेपर बारीक): ३२० चे ६, ६०० चे ६, ८०० चे १२, १००० चे ६, १५०० आणि २००० चे प्रत्येकी ४, शिवाय ८० आणि १८० चे साधे पॉलिश पेपर ४-४
- मास्किंग टेप: पाऊण इंची ५ रोल, आणि जुनी वर्तमानपत्रं
- रबिंग कंपाउंड, मेणाचं पॉलिश, रबरी ठोकळा, ट्रे, मलमलचं फडकं

हे सगळं साधारण चार ते सहा हजारांत बसतं. दुकानागणिक फरक पडतो. जास्तीत जास्त पैसे रंगाला जातील असं वाटतं, पण पेपर, टेप आणि रोलर मिळून रंगाएवढाच खर्च होतो. तिथे काटकसर करू नका. झिजलेल्या पेपरने घासताना जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ओरखडा पडतो.

४. दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं?

‘सिंथेटिक इनॅमल, हाय ग्लॉस’ असं सांगा. एशियन पेंट्सचं अॅपकोलाइट प्रीमियम ग्लॉस किंवा बर्जरचं लक्सोल हाय ग्लॉस यांपैकी काहीही चालेल. सॅटिन नको, मॅट नको, पाण्यातलं इनॅमल नको. एनसी रंगही नको. तो इतक्या लवकर सुकतो की रोलर पुढे सरकेपर्यंत मागची कड वाळलेली असते.

एक लिटरचे तीन डबे घेणार असाल तर बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा. तरीही घरी आल्यावर तिन्ही डबे एका स्वच्छ बादलीत ओतून ढवळा आणि परत डब्यांत भरा. नाहीतर दारापर्यंत एक पांढरा आणि डिकीला दुसरा पांढरा असं होतं, आणि ते उन्हात लगेच दिसतं.

रंग निवडताना: पांढरा आणि फिकट करडा चुका झाकतात. काळ्या आणि गडद निळ्यात प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. लाल उन्हात फिका पडतो आणि जत-आटपाडीच्या उन्हात लवकर पडतो. पांढरं इनॅमल अनेक वर्षांनी किंचित पिवळसर होतं, शेडमध्ये उभ्या गाडीचं जास्त. मशीनवर बनवून दिलेल्या गडद शेड सुकायला जास्त वेळ घेतात, त्यामुळे प्र. ११ मधल्या वेळेत अर्धा दिवस वाढवा.

५. आमचा पेंटर म्हणतो रॉकेल टाका, दुकानदार म्हणतो थिनर टाका. कुणाचं ऐकू?

कुणाचंच नको. डब्यावर लिहिलेलं मिनरल टर्पेंटाइनच वापरा. रॉकेल सावकाश उडतं आणि मागे तेलकट अंश ठेवतं. रंग चिकट राहतो आणि चमक मरते. एनसी थिनर फार लवकर उडतो, रंग पसरायच्या आत आवळतो, शिवाय स्पंजचा रोलर फुगवून त्याचे तुकडे पाडतो. पेट्रोल तर विषयच नको, आग लागते.

प्रमाण: ५०० मिली रंगात आधी १०० मिली टर्पेंटाइन घाला, ढवळा, नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळा. मग एका उभ्या पत्र्याच्या तुकड्यावर हात मारून बघा. मिनिटाभरात बुडबुडे फुटून गेले पाहिजेत आणि दहा मिनिटांत ओघळ येता कामा नये. बुडबुडे राहत असतील तर २० मिली आणखी. ५०० ला १५० च्या वर सहसा जावं लागत नाही. ट्रेमध्ये तो पातळ ताकासारखा हलला पाहिजे. भिंत रंगवणाऱ्याला तो फारच पाणचट वाटेल, वाटू द्या. दुपारी ट्रेमधलं टर्पेंटाइन उडत राहतं, म्हणून दर वीस मिनिटांनी चमचाभर घालून ढवळा.

६. वर्षातले कुठले दिवस चांगले?

जानेवारीची अखेर ते मार्चचा मध्य. हवा कोरडी, दिवसा २५ ते ३२ अंश, रात्रीचं दवही कमी झालेलं. नोव्हेंबर-डिसेंबरही चालतो, पण वाई-साताऱ्याकडे पहाटेचं दव पडतं. संध्याकाळी मारलेला हात उघड्यावर राहिला तर सकाळी त्यावर दुधी झाक आलेली असते. थंडीत दुपारी बारापर्यंत हात मारून संपवा. एप्रिल-मेमध्ये उलट: सकाळी सात ते साडेनऊ एवढीच वेळ, आणि तीही सावलीत. बॉनेटवर तळहात ठेवून सुखाने ठेवता येत नसेल तर रंग मारू नका. पावसाळ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे तर डबाही उघडू नका.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे उसाचा हंगाम. कारखाने चालू असताना रात्री कुणीतरी फड पेटवतो किंवा पाचट जाळतो आणि सकाळी गाडीवर काळे तुकडे असतात. ओल्या रंगावर पडलेली ही काजळी बोटाने काढायला गेलं की काळी रेघ ओढली जाते. तशीच राहू द्या, सुकल्यावर ८०० च्या पेपरने घासताना निघते. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात असाल तर तीन बाजूंनी बंद असलेली जागा बघा. माण-खटाव, चाळकेवाडीकडे वारा आणि धूळ जास्त. तिथे हात मारायच्या अर्धा तास आधी जमिनीवर पाणी मारा. वर ताडपत्री बांधत असाल तर ताणून बांधा, झोळ पडलेल्या ताडपत्रीतून साचलेलं दव नेमकं टपावर गळतं. शेडनेट धूळ अडवत नाही.

७. जुना रंग पूर्ण काढावा लागतो का?

नाही. घट्ट बसलेला जुना रंग हा सगळ्यात चांगला प्रायमर आहे. जिथे पापुद्रे सुटलेत किंवा फुगे आलेत तिथेच पत्र्यापर्यंत जा. बाकी सगळ्या गाडीवर ३२० चा पेपर पाण्याने फिरवा, चमक पूर्ण जाईपर्यंत. चमकणारा एकही डाग राहिला तर पुढे तिथूनच रंग सुटतो. दाराच्या हँडलखाली, टपाच्या कडेच्या पागोळीच्या खाचेत आणि बीडिंगच्या कडेला असे डाग हमखास राहतात.

घासण्याआधी गाडी भांड्याच्या साबणाने धुवा, सुकवा, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. हा क्रम उलटा करू नका. डॅशबोर्ड आणि टायरला मारायच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. आधी घासलंत तर ते ओरखड्यांत शिरतं आणि प्र. १३ मधले खड्डे पडतात.

जुना रंग कुठला आहे ते कळायला आतल्या कोपऱ्यात एनसी थिनरचं फडकं अर्धा मिनिट दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर तो एनसी आहे. सुरकुत्या पडून उचलला तर सिंथेटिक. काहीच झालं नाही तर भट्टीतला (कंपनीत तापवून सुकवलेला) किंवा टू-के (हार्डनर मिसळलेला) रंग. सिंथेटिक इनॅमल या तिन्हींवर बसतं. ही परीक्षा प्रायमर निवडायला लागते (प्र. ९).

८. गंजाचं काय करायचं?

आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर पत्रा गेलेला आहे. तिथे नवीन तुकडा वेल्डिंग करूनच टाकावा लागतो आणि हे काम घरचं नाही. भोकात वर्तमानपत्र कोंबून वरून एम-सील किंवा लांबी भरायची पद्धत फार जोरात आहे. ती एक पावसाळा टिकते, आतल्या बाजूने पाणी धरून ठेवते आणि पुढच्या वर्षी भोक दुप्पट होतं.

टोक आत जात नसेल तर वरवरचा गंज आहे. ८० च्या पेपरने किंवा तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांत काळे ठिपके राहिले तर फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिलेला वेळ ठेवा, आणि त्यावर सांगितलं असेल तसं पुसून घ्या. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रभर राहिला की दवाने परत तांबूस होतो.

मारुतीत गंज शोधायच्या जागा: दारांच्या खालच्या कडा, पुढच्या काचेच्या रबराखाली, चाकांच्या कमानी, बॅटरीचा ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा. दाराखालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा आणि लांबी भरताना ती बुजवू नका.

९. लांबी आणि प्रायमर यांचा क्रम काय? पेंटरांत यावरून एकमत दिसत नाही.

पॉलिस्टर लांबी उघड्या, खरखरीत पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर भरायची. रेड ऑक्साइड प्रायमरवर भरली तर लांबीतल्या स्टायरीनने तो मऊ होतो आणि पुढेमागे लांबी सकट खपली निघते. हार्डनर वजनाच्या २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. जास्त घातला की लवकर आवळते, वरच्या रंगावर डाग दिसू शकतो. ३ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. पोचा खोल असेल तर आधी मागून ठोकून वर काढा.

लांबी कोरडीच घासा: ८०, मग १८०, मग ३२०, ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. पाण्याने घासलेली लांबी पाणी पिते आणि मार्चमध्ये दिसत नाही ते जुलैत फुगा होऊन दिसतं. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा. ओला रुमाल पुरत नाही.

त्यावर प्रायमर. फिकट रंग द्यायचा असेल तर करडा घ्या, तांबड्या रेड ऑक्साइडवर पांढरा चढायला दोन हात जास्त लागतात. जुना रंग सिंथेटिक निघाला असेल तर त्यावर एनसी प्रायमर सरफेसर मारू नका, प्र. २ मधल्यासारखाच उचलेल. सिंथेटिक प्रायमर घ्या. प्रायमर पूर्ण सुकल्यावर ६०० ने हलकं घासा. कडेला पत्रा उघडा पडला तर तेवढाच ठिपका परत प्रायमरने भरा.

१०. रोलर नेमका कसा फिरवायचा?

रोलर बारीक छिद्रांच्या घट्ट स्पंजचा, ४ इंची हवा. लोकरीचा किंवा ९ इंची भिंतीचा चालत नाही. नवा रोलर आधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळा, त्याचे सुटे कण तिथेच निघू द्या. ट्रेमध्ये अर्धाच बुडवा आणि उतारावर पाच-सहा वेळा फिरवून जादा रंग काढा. गाडीवर टेकवल्यावर कडेने रंग पिळून आला तर रोलरवर रंग जास्त आहे.

एका वेळी साधारण दीड बाय दीड फुटाचा चौकोन घ्या. पहिल्यांदा उभा-आडवा फिरवून रंग पसरा, मग अजिबात दाब न देता, रोलरच्या स्वतःच्या वजनावर, एकाच दिशेने शेवटचे हलके हात. पुढचा चौकोन पहिल्याच्या ओल्या कडेत दोन इंच घुसवून सुरू करा. मागे वळून बुडबुडे फोडत बसू नका. दोन मिनिटांनंतर रोलर परत लावलात तर जे सपाट होत आलेलं असतं ते पुन्हा उठतं. माशी बसली तरी बसू द्या.

क्रम: टप, बॉनेट, डिकी, मग एकेक दार आणि पंख (चाकांवरचे बाजूचे पत्रे). टपाला दोन माणसं चांगली. एक डावीकडून, एक उजवीकडून, पुढून मागे बरोबरीने सरकायचं, म्हणजे मधली कड ओली राहते. एकटे असाल तर स्टूलवर उभं राहून आडवे पट्टे घ्या आणि मध्ये चहाला थांबू नका. एक पॅनल अर्धवट सोडायचं नाही. थांबायचंच असेल तर दाराच्या फटीवर किंवा पन्हाळीच्या रेषेवर थांबा.

कोपरे, हँडलची खाच, पागोळीचा खड्डा हे एक इंची मऊ ब्रशने आधी करून घ्या आणि लगेच त्यावरून रोलर न्या. ब्रशचे केस निघाले तर ओल्यात चिमट्याने उचला.

११. एकूण किती हात आणि मध्ये किती वेळ ठेवायचा?

सहा हात, दोनदोनच्या जोडीने. पहिला हात मारल्यावर खालचा रंग ठिगळासारखा दिसतो. तो पाहून बहुतेक जण घाबरून दुसरा हात जाड मारतात आणि तिथेच काम बिघडतं. चौथ्या हातापर्यंत रंग पूर्ण झाकला गेला तरी पुरे.

हा रंग फक्त टर्पेंटाइन उडून सुकत नाही, नंतर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. म्हणून हाताला सुकलेला वाटला तरी आत मऊ असतो. दोन हातांमध्ये २४ तास ठेवा. जोडी झाली की ३६ ते ४८ तास ठेवून ८०० च्या पेपरने पाण्यासकट घासा. सुकलाय का याची खात्रीची खूण पेपरवरच मिळते: पाणी दुधासारखं वाहत असेल आणि पेपर स्वच्छ राहत असेल तर ठीक, पेपरला रंगाच्या गोळ्या चिकटत असतील तर थांबा आणि एक दिवस जाऊ द्या.

घासताना ठोकळा वापरा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेषांत रंग जास्त जातो. पॅनलच्या धारांवर आधी टेप लावून ठेवा आणि ती सगळ्यात शेवटी काढून दोन-चार हलके हात द्या, नाहीतर धारेवरचा रंग पहिल्यांदा निघून पत्रा दिसतो. घासून झाल्यावर भरपूर पाण्याने धुवा. बीडिंगमध्ये, हँडलमध्ये आणि फटींत पाणी राहतं आणि पुढचा हात मारल्यावर तासाभराने बाहेर ओघळतं. सायकलच्या पंपाने फुंकून काढा, गाडी दोन तास उन्हात ठेवा, मग सावलीत घेऊन मलमलचं फडकं टर्पेंटाइनने जेमतेम ओलं करून पुसा आणि मगच रोलर उचला.

या हिशेबाने दहा-बारा दिवस लागतात. पहिला दिवस सोडला तर रोज दीड-दोन तासांचं काम आहे.

१२. काचेचं रबर काढायचं का? टेप लावली तर कड दिसते.

पुढची काच काढू नका. जुनं रबर परत बसत नाही आणि पाणी गळायला लागतं. त्याऐवजी ३-४ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी घ्या आणि बोथट प्लास्टिकच्या पट्टीने ती रबराच्या ओठाखाली सगळीकडून सारत जा. ओठ पत्र्यापासून वर उचलला जातो, रंग त्याच्या खालपर्यंत जातो. काम झाल्यावर दोरी ओढून काढली की ओठ रंगावर बसतो आणि कड लपते. जुनं रबर कडक झालं असेल तर आधी उन्हात तापू द्या.

दिवे, आरसे, वायपर, बिल्ले हे सगळं काढा. वीस मिनिटांचं काम आहे. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट मात्र स्नॅप लॉकने बसवलेली असते, ती उचकटू नका, टेपने झाका. टेप प्रत्येक जोडीनंतर काढून नवी लावा. आठवडाभर राहिलेली टेप उन्हाने तिचा गोंद मागे सोडते आणि जाड झालेला रंग तिच्याबरोबर तुटून निघतो.

१३. सुरकुत्या पडल्या / खड्डे पडले / पट्टे दिसतात. का आणि आता काय?

सुरकुत्या: हात जाड झाला किंवा खालचा अर्धवट सुकलेला होता. वरची साय आधी सुकते आणि आतला रंग तिला ताणतो. घाई करून पुसू नका. तीन-चार दिवस सुकू द्या, ३२० ने सपाट करा, मग ६००, मग पातळ हात.

गोल खड्डे, मधोमध खालचा रंग दिसणारे: सिलिकॉन किंवा तेल. त्यावर रंग ओतत बसलं तरी ते भरत नाहीत. सुकू द्या, घासा, टर्पेंटाइनने दोन वेगळ्या फडक्यांनी पुसा, एक ओलं आणि एक कोरडं.

टाचणीएवढी भोकं: रंग घट्ट होता किंवा पत्रा गरम होता, बुडबुडा फुटला पण रंग मिटला नाही.

ओघळ: ओला असेल तर रोलरने एकदाच उचला. सुकला असेल तर आठवडा जाऊ द्या. ओघळ बाकीच्या रंगापेक्षा कितीतरी जाड असतो, वरून कडक आणि आतून लिबलिबीत. लवकर घासला तर त्याची साल निघून खड्डा पडतो.

पट्टे, म्हणजे रोलरच्या कडांच्या रेषा: रोलरवर रंग जास्त किंवा दाब जास्त. शेवटच्या हातात राहिलेल्या असतील तर प्र. १४ मधल्या घासण्यात जातात.

आठवड्यानंतरही चिकट: रॉकेल, दमट हवा किंवा जाड थर. उन्हात उभी करा आणि वाट बघा. पंधरा दिवसांनीही अंगठ्याचा ठसा उठत असेल तर तेवढा रंग खरवडण्याला पर्याय नाही.

१४. शेवटची चमक कशी येते?

शेवटच्या हातानंतर तीन ते चार आठवडे थांबा. गाडी चालवा, पण धुवायची असेल तर साध्या पाण्याने. प्रेशर वॉशर नको, कापडी कव्हर नको, ते चिकटतं. चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली उभी करू नका. पक्ष्यांची घाण मऊ रंगात डाग पाडते, दिसली की लगेच धुवा.

मग १०००, १५००, २००० असे पेपर पाण्याने, प्रत्येक पेपर आधीच्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. २००० नंतर गाडी पूर्ण निस्तेज दिसते, तशीच दिसायला हवी. त्यावर रबिंग कंपाउंड, सुती फडक्याने, फूटभर जागेत गोल. मशीन असेल तर सर्वांत कमी वेगावर. इनॅमल तापलं की मऊ होतं आणि घासून जातं. धारांवर मशीन नेऊच नका. शेवटी मेण.

ज्याला एवढं करायचं नाही त्याने सहावा हात अगदी पातळ मारून तसाच ठेवला तरी गाडी स्वच्छ दिसते. जीप आणि पिकअपला तेवढं पुरतं.

१५. माझी गाडी सिल्व्हर आहे. रोलरने सिल्व्हर मारता येईल का? आणि वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर?

दोन्ही नाही. मेटॅलिकमधल्या अॅल्युमिनियमच्या चकत्या स्प्रेने एकसारख्या पडतात. रोलर त्यांना पट्ट्यापट्ट्यांनी वेगवेगळ्या दिशेला लोळवतो आणि दार ढगाळ दिसतं. हे घासून दुरुस्त होत नाही, घासलं की चकत्या कापल्या जाऊन आणखी काळवंडतं. सिल्व्हर गाडीला करडा किंवा पांढरा असा सपाट रंग द्यावा लागेल, मग प्र. १९ वाचा. टू-के क्लिअर इनॅमलवर मारला तर प्र. २ चीच गत होते. क्लिअरची गरजही नाही, चमक इनॅमलमध्येच आहे.

१६. पीयू रंग जास्त टिकतो ना? तोच रोलरने मारला तर? किंवा इनॅमलमध्ये हार्डनर टाकला तर?

पीयू जास्त टिकतो, खरं आहे. पण एकदा हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं, पृष्ठभाग लवकर आवळतो आणि रोलरच्या खुणा मिटायला वेळ मिळत नाही. सुकल्यावर तो इतका कडक की हाताने घासताना दम निघतो. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दम्यासारखा त्रास होऊ शकतो आणि एकदा अंगाला लागलं की पुढे थोड्या वासानेही होतो. कापडी मास्क त्याला अडवत नाही. इनॅमलमध्ये अंदाजाने हार्डनर टाकणं त्याच कारणाने नको.

साध्या इनॅमललाही दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ शेगडी, गिझर, विडी-सिगारेट नको. रंगाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. इनॅमल सुकताना उष्णता सोडतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा.

१७. गाडी पुरात बुडाली होती. रंगवून उपयोग आहे का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीकडे अशा गाड्या पुष्कळ झाल्या. पाणी बाहेरच्या रंगाचं फार वाईट करत नाही. गाळ दारांच्या आत, दारांखालच्या उंबऱ्याच्या पोकळ पेटीत आणि खालच्या आडव्या चॅनेलमध्ये बसतो, ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. आधी दारांचे आतले पॅनल काढून पाण्याच्या नळीने गाळ बाहेर येईपर्यंत धुवा, आठवडाभर वाळू द्या, मग उंबऱ्यावर बोटाच्या गाठीने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा आत माती सरकल्याचा आवाज आला तर रंगाचे पैसे आधी वेल्डिंगला द्या. आतून पोकळीत वॅक्स किंवा अंडरबॉडी कोटिंग मारून घेतल्याशिवाय बाहेरून रंगवू नका.

१८. प्लास्टिकचे बंपर त्याच रंगात?

आधी प्लास्टिकचा प्रायमर लागतो, आणि तो लावूनही बंपर वाकला की इनॅमल तडकतं. काळे होते तसे काळे ठेवा.

१९. आरटीओला सांगावं लागतं का?

आरसीवर जो रंग आहे तोच परत दिला तर काही नाही. रंग बदलायचा असेल तर आधी तुमच्या आरटीओत चौकशी करा आणि आरसीवर बदलाची नोंद करून घ्या: साताऱ्याला एमएच ११, सांगलीला एमएच १०, कराडला एमएच ५०. कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याची संमती लागते. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग ताडून पाहतो.

ऑलिव्ह ग्रीन हा लष्करी हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. जुन्या जीपवाल्यांना त्याचा मोह होतो. देऊ नका.

पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला जायचं असेल तर चेसिस नंबरावर लांबी किंवा रंगाचा जाड थर येऊ देऊ नका. तिथे पेन्सिलने ठसा घेतात. अक्षरं बुजलेली असली तर गाडी परत पाठवतात, आणि खरवडायला गेलात तर नंबराशी छेडछाड केल्याचा संशय येतो. त्या पट्टीवर आधीच टेप लावून ठेवा.

२०. उरलेला रंग आणि मळलेलं टर्पेंटाइन कुठे टाकायचं?

रंग टाकू नका. लहान डब्यात काठोकाठ भरा, कारण वर हवा जितकी कमी तितकी साय कमी धरते, आणि झाकणावर बॅच नंबर लिहा. दगड उडून पडलेले ठिपके भरायला तोच लागतो. मळलेलं टर्पेंटाइन झाकण लावलेल्या बाटलीत दोन-तीन दिवस ठेवलं की रंग खाली बसतो. वरचं नितळ दुसऱ्या बाटलीत ओतून रोलर-ब्रश धुवायला परत वापरा, रंग पातळ करायला नको. खालचा गाळ वर्तमानपत्रावर पसरून उघड्यावर वाळवा आणि घट्ट झाल्यावर सुक्या कचऱ्यापासून वेगळा, घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीवाल्याकडे द्या. गटारात किंवा ओढ्यात ओतू नका.